आई-वडील ऊसतोडीला गेल्यापासून तिसरीतला मुलगा शाळेत बोलेनासा झाला आहे : वर्गशिक्षकाने काय करावे?

प्रश्न : बालाघाटची शिक्षिका

नमस्कार. मी बीड जिल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील जिल्हा परिषदेच्या एका द्विशिक्षकी शाळेत शिकवते. वर्ग पहिली ते चौथी असून तिसरी आणि चौथी माझ्याकडे आहेत. पटावरील निम्म्याहून अधिक मुले ऊसतोड कामगारांची आहेत. दसरा-दिवाळी झाली की त्यांचे आई-वडील सांगली, कोल्हापूर, सातारा किंवा सीमेपलीकडे बेळगावच्या बाजूच्या कारखान्यांच्या फडांवर जातात आणि पट्टा पडला की, म्हणजे साधारण मार्च-एप्रिलमध्ये, परततात. पूर्वी मुलेही त्यांच्यासोबत जात आणि निम्मे वर्ष बुडे. आता हंगामी वसतिगृहामुळे बरीच मुले गावातच आजी-आजोबांजवळ राहतात, सकाळ-संध्याकाळ शाळेत जेवतात आणि हजेरीपटावर कायम दिसतात. यामागे पुष्कळांचे कष्ट आहेत आणि त्याचे मोल मी जाणते. तरीही हजर असलेले मूल आतून कसे आहे, हे पाहण्याची कोणतीही सोय आपल्याकडे नाही, असे यंदा फार जाणवू लागले आहे.

माझ्या तिसरीत तांड्यावरचा एक मुलगा आहे. घरी गोरमाटी ही बंजारा बोली बोलतात, परंतु पहिलीपासून तो मराठी छान बोलत असे. पाढे म्हणताना त्याचाच आवाज वर असे. दिवाळीनंतर शाळा उघडल्यापासून तो वर्गात एक शब्दही बोललेला नाही. चौकशी केल्यावर आजीकडून कळले, की टोळीचा ट्रक मध्यरात्रीनंतर निघाला आणि पोरगा रडून आकांत करील म्हणून त्याला झोपेतच तिच्याजवळ ठेवून दोघे निघून गेले. आता तो रोज दाराजवळची जागा धरून बसतो. रस्त्यावर ट्रकचा किंवा ट्रॅक्टरचा आवाज आला की उठून उभा राहतो आणि आवाज विरला की पुन्हा बसतो. जेवणाच्या सुट्टीआधी पोट दुखते अशी खूण करतो आणि खिचडी ताटात तशीच राहते. वहीत काहीतरी लिहितो, मग ते पान फाडून त्याच्या बारीक घड्या घालतो आणि दप्तराच्या आतल्या कप्प्यात ठेवतो. मध्यंतरी वर्गातच त्याची चड्डी ओली झाली, तेव्हा मुले हसली. तो कोणाशी भांडत नाही, कोणाला त्रास देत नाही, म्हणून माझे सहकारी गुरुजी म्हणतात, की पोरगं शांत आहे तर कशाला उकरून काढता. आजीच्या मते बाहेरचे काहीतरी झाले आहे आणि तिने उताराही टाकून पाहिला. गावातील एका जाणत्या गृहस्थांचा सल्ला तर असा, की दोन ठेवून द्या, आपोआप बोलेल.

डी.एड.ला बालमानसशास्त्राचा एक पेपर होता, त्यापलीकडे माझे या विषयातील शिक्षण नाही. त्याला बोलते करण्याचा प्रयत्न करावा की वाट पाहावी? हे आपोआप ओसरणारे आहे की डॉक्टरांना दाखवण्यासारखे आहे, हे मी कशावरून ठरवावे? आणि दोन वर्ग एकाच खोलीत सांभाळताना, इतर मुलांच्या नजरेत न येता त्याच्यासाठी रोज करता येईल असे काय आहे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर : मनोसामाजिक कार्यकर्ती, मराठवाडा

मॅडम, मी शासकीय रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात मुलांसोबत काम केले आहे. मुलाला प्रत्यक्ष न पाहता निदान कोणीच करू नये, मीही करणार नाही. परंतु विचार कोणत्या दिशेने करावा, एवढे निश्चित सांगता येईल.

आपल्या लिहिण्यातला सर्वात मोलाचा तपशील हा आहे, की तो आधी बोलत होता. काही मुले घरी भरभरून बोलतात आणि शाळेत पाऊल ठेवल्यापासून गप्प असतात. त्या अवस्थेला निवडक मौन म्हणतात, ती चिंतेच्या विकारांत मोडते आणि बहुधा वयाच्या पाच वर्षांच्या आतच सुरू होते. आपला विद्यार्थी दोन वर्षे बोलला आणि एका विशिष्ट घटनेनंतर थांबला. अशा वेळी त्या घटनेकडे लक्ष द्यायचेच असते. मात्र कारण समोर दिसते आहे म्हणून इतर शक्यता तपासण्याचे टाळायचे नसते. तो आजीशी गोरमाटीत बोलतो का, तांड्यावर सवंगड्यांत खेळताना आवाज काढतो का, हे आधी विचारून घ्या. तेथे बोलत असेल तर गोष्ट वेगळी आणि तेथेही मुका असेल तर वेगळी. दुसऱ्या स्थितीत थांबू नये.

त्यानंतर शरीराची तपासणी. पोटदुखी, जेवण न जाणे आणि कपडे ओले होणे या तिन्ही गोष्टी दुःखाने होऊ शकतात, तशाच त्या बद्धकोष्ठ, जंत किंवा लघवीच्या संसर्गानेही होतात. शाळेच्या शौचालयात पाणी नसल्यामुळे दिवसभर लघवी दाबून धरणारी मुले आपल्याकडे काही कमी नाहीत. कान वाहत असेल आणि ऐकू कमी येत असेल तरी मूल गप्प होते. मध्येच काही क्षण टक लावून राहतो आणि हाक मारली तरी भानावर येत नाही, असे दिसल्यास वेगळी नोंद ठेवा. त्या वयात आकडीचा असाही एक प्रकार असतो, ज्यात मूल कोसळत नाही, केवळ क्षणभर हरवते. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक वर्षातून एकदा शाळेत येते, ते आपल्याला ठाऊक असेलच. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यात पालघर येथून सुरू झाला आणि अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांच्या तपासणीत वाढीतील विलंबही त्याच्या कक्षेत येतो. पथकाची फेरी होऊन गेली असेल तर पुढील वर्षाची वाट न पाहता ग्रामीण रुग्णालयात त्याच पथकाच्या डॉक्टरांना गाठता येते.

आता त्या रात्रीविषयी. झोपेत सोडून जाण्यामागे मोठ्यांचा हेतू मायेचाच असतो. रडणे बघवत नाही, म्हणून ते टाळतात. मुलाच्या बाजूने मात्र घडते ते एवढेच, की डोळा लागला आणि आई-बाप नाहीसे झाले. ज्याला हे असे कळते ते मूल पुढे झोपायला भिते, जवळच्या माणसाला नजरेआड होऊ देत नाही आणि येण्या-जाण्याच्या वाटेवर लक्ष ठेवून बसते. दाराजवळची ती जागा म्हणजे त्याचा पहारा आहे. लक्ष लागावे म्हणून त्याला तेथून उठवून पहिल्या रांगेत आणू नका. वर्गातून बाहेर जाताना, मग ते केंद्रशाळेतील बैठकीसाठी असो की शेजारच्या वर्गात खडू आणण्यासाठी, त्याला ऐकू जाईल असे सांगून जा आणि सांगितल्याप्रमाणे परत या. हे सर्व मुलांना उद्देशून सांगता येते, त्यामुळे तो वेगळा पडत नाही.

त्याला खरे सांगणारे कोणीतरी हवे आहे. "उद्या येतील" असे आजी, शेजारी आणि वसतिगृहातील स्वयंपाकीण सगळेच म्हणत असतील, आणि प्रत्येक उद्या खोटा ठरतो आहे. परतण्याची तारीख आपल्यालाही माहीत नसते, म्हणून तारीख देऊ नका. सणांची माळ करा. पुठ्ठ्याच्या पट्टीवर संक्रांत, प्रजासत्ताक दिन, शिवजयंती, होळी आणि पाडवा यांची चित्रे क्रमाने लावावीत आणि होळीपासून पाडव्याच्या पुढपर्यंत एकच लांब रंगीत पट्टा काढून "या दिवसांत ट्रक परत येतात, कोणाचा आधी, कोणाचा नंतर" असे सांगावे. ज्यांचे आई-वडील गावातच आहेत त्यांनाही ही माळ उपयोगी आहे, म्हणून ती भिंतीवर सर्वांसाठी लावा. एकेक सण गेला की एखाद्या मुलाने त्यावर खूण करावी. अवधी डोळ्यांनी मोजता आला की निदान अंत नसल्याची भावना कमी होते.

त्याला बोलते करण्यासाठी प्रश्न विचारू नका, आणि बोलल्यास चॉकलेट देऊ, टाळ्या वाजवू असेही म्हणू नका. जवळ बसून हाताने काहीतरी करावे : चिंचोके मोजणे, गठ्ठे बांधणे, चित्र रंगवणे. मध्ये आपणच एखादे वाक्य बोलावे, ज्याला उत्तराची अपेक्षा नाही. उत्तर देण्यासाठी पाटी, बोट दाखवणे, मान हलवणे हे सर्व मार्ग मोकळे ठेवावेत. एखाद्या दिवशी तो कुजबुजला, तर रोजच बोलत असल्याप्रमाणे उत्तर देऊन पुढे चालू लागावे. सगळ्या वर्गाने वळून पाहिले तर तो पुन्हा मिटून जाईल. दप्तरातल्या घड्या त्याने दाखवल्याशिवाय उघडू नका. मुलांच्या चित्रांवरून आणि कागदांवरून भविष्य सांगितल्यासारखे अर्थ काढण्याची सध्या एक हौस आली आहे, ती मला मुळीच पटत नाही.

दाखवायचे कधी, याचे माझे माप साधे आहे : खाणे, झोप, खेळ आणि शिकणे यांपैकी एकाहून अधिक गोष्टी आठवड्यानुआठवडे बिघडलेल्या असतील, तर दाखवावे. आपल्या वर्णनावरून ती वेळ आली आहे. जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचे पथक असते. जाणे लगेच शक्य नसेल तर १४४१६ या टेली-मानसच्या क्रमांकावर आपण स्वतः, शिक्षक म्हणून, मराठीत बोलू शकता. ही सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास मिळते आणि मोफत आहे. मूल मरणाविषयी बोलू लागले, स्वतःला इजा करू लागले किंवा त्याने पाणीही घेणे सोडले, तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

उत्तर : निवृत्त केंद्रप्रमुख

बाई, वरील उत्तराला मी शाळेच्या बाजूने काही जोड देतो.

पहिली गोष्ट, "दोन ठेवून द्या" म्हणणाऱ्या गृहस्थांना नम्रपणे परंतु स्पष्ट सांगा, की शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नुसार शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोन्हींना बंदी आहे. याच कायद्याचे कलम २९ मूल भीती, आघात आणि चिंता यांपासून मुक्त असावे, अशी अपेक्षा अभ्यासक्रमाकडूनच करते. म्हणजे आपण जे करू पाहता ते कोणाची मेहेरबानी म्हणून नव्हे, आपल्या कामाचाच तो भाग आहे. सहकारी गुरुजींनाही हे एकदा दाखवावे. शांत मुलाकडे शाळेचे लक्ष जात नाही, कारण ते आपल्या कामात अडथळा आणत नाही. दंगेखोर मुलाची तक्रार रोज येते, म्हणून त्याचा विचार तरी होतो. कोपऱ्यात बसून खंगणारे मूल चौथी पास होऊन दाखला घेऊन गेले तरी कोणाच्या लक्षात राहत नाही.

दुसरी गोष्ट तोंडी कामाची. आकारिक मूल्यमापनात, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात, प्रकटवाचन आणि तोंडी काम असते. तेथे त्याला उभे करून "बोल, नाहीतर शून्य" असे होऊ देऊ नका. त्याने पाटीवर लिहिलेले, वस्तू मांडून दाखवलेले ग्राह्य धरा आणि नोंदवहीत तसे स्पष्ट लिहा. परिपाठातही हीच काळजी घ्यावी. अलीकडे काही शाळांत परिपाठाच्या वेळी प्रत्येक मुलाला "आज मला कसे वाटते" ते सर्वांसमोर सांगायला लावतात. हेतू चांगला असला तरी ज्याच्या मनात खरोखर काही साचले आहे त्याच्यासाठी ती शिक्षाच ठरते. त्याऐवजी त्याला न बोलता करण्याचे, पण तो नसल्यास अडून राहील असे काम द्यावे. माझ्या पाहण्यात असलेल्या एका शाळेत अशाच मुलीकडे घंटेची जबाबदारी दिली होती. घड्याळाकडे पाहणे, ठरलेल्या वेळी उठणे, टोल देणे, आणि आपण टोल दिला की सगळी शाळा हलते हे पाहणे, यात बोलावे काहीच लागत नाही. आपल्या मुलाला घंटा आवडेलच असे नाही. कुंड्यांना पाणी घालणे, शाळेतल्या पुस्तकपेटीचे कुलूप उघडणे, काहीही चालेल. काम मात्र रोजचे आणि त्याच वेळेचे असावे.

शनिवारचा उपयोग करून घ्या. २०२४ पासून पहिली ते आठवीसाठी आनंददायी शनिवार आला आहे. पुष्कळ ठिकाणी तो फोटो काढून अपलोड करण्यापुरता उरतो. चिकणमाती आणा, तांड्यावरची मुले बैल, ट्रॅक्टर, कोपी म्हणजे फडावरची झोपडी, सगळे घडवतात. बोलण्याऐवजी हात चालू लागले की मुले एकमेकांशी आपोआप सैल होतात आणि आपल्याला शेजारी बसून पाहता येते.

कपडे ओले होण्याबाबत : कपाटात दोन जुन्या चड्ड्या आणि एक पिशवी ठेवा, आणि तासाला एकदा सगळ्या वर्गालाच लघवीला जाण्याची सुट्टी द्या. हसणाऱ्या मुलांना सर्वांसमोर रागावू नका, तो आणखी उघडा पडतो; नंतर एकेकाशी बोला. चौथीतली तांड्यावरची एखादी समजूतदार मुलगी असेल, तर तिला वाचनाच्या वेळी त्याच्या शेजारी बसू द्या, गोरमाटीत काही बोलली तर बोलू द्या. मातृभाषेत शिकवावे असे शिक्षण हक्क कायदाच शक्य तेथवर सांगतो. आपल्याला ती भाषा येत नसली तरी ती वर्गात ऐकू येण्याला आपली हरकत नाही, एवढे मुलांना कळले तरी पुरे.

आजीशी उताऱ्यावरून वाद घालू नका. तिच्या घरातली माणसे दूर गेली आहेत आणि तिला जे सुचते ते ती करते आहे. तिने लिंबू-नारळ उतरवले म्हणून मुलाचे बिघडत नाही. ते करून झाल्यावर तिने दवाखान्यात यावे एवढाच आग्रह धरा. मात्र कोणी मुलाला मारझोड करणारा किंवा चटके देणारा भगत गाठून दिला, तर २०१३ चा जादूटोणाविरोधी कायदा आहे, आणि तेथे भीड बाळगू नये.

उत्तर : एक पदवीधर शिक्षक, अहिल्यानगर

सर्वांच्या सूचना योग्य आहेत. तरीही एक कडू गोष्ट लिहितो. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या साठ मुलांपर्यंत दोनच शिक्षक मिळतात. त्यांतील एक बैठकीला किंवा मतदारयादीच्या कामाला गेला, की उरलेल्या एकाने चार वर्ग, खिचडी आणि ऑनलाईन माहिती असे सगळे पाहायचे. त्याचेच कलम २७ अशैक्षणिक कामांना मनाई करते, पण जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका यांना त्यातूनच वाट दिलेली आहे. अशा स्थितीत "मुलाच्या शेजारी शांतपणे बसा" हा सल्ला वाचायला सुंदर आणि पाळायला कठीण आहे. तालुक्याला दोन-तीन प्रशिक्षित समुपदेशक नेमून त्यांनी शाळाशाळांत फिरावे, अशी मागणी संघटनांनी लावून धरली पाहिजे. शिक्षकाच्या चांगुलपणावर सगळी व्यवस्था उभी करणे मला मान्य नाही. मॅडम, आपण जेवढे जमते तेवढेच करा आणि जे जमत नाही त्याची नोंद लेखी स्वरूपात केंद्रप्रमुखांमार्फत गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे पाठवा. तोंडी सांगितलेले कोणाला आठवत नाही.

उत्तर : कोपीतला मुलगा

मी स्वतः ऊसतोड कामगाराचा मुलगा. काही हंगाम आई-वडिलांसोबत फडावर काढले, काही आजीजवळ. आज नोकरीनिमित्त पुण्यात असतो. तज्ज्ञ नाही, पण त्या मुलाच्या बाजूने थोडे लिहावेसे वाटले.

फडावर मुलाचे हाल होतात, हे सगळ्यांना दिसते : थंडी, कोपी, पहाटे आई कोयता घेऊन निघाली की लहान भावंडाला सांभाळणे, शाळा नाही. गावात मागे राहिलेल्याचे हाल दिसत नाहीत, कारण त्याच्या ताटात जेवण असते आणि अंगात गणवेश असतो. आम्हा मागे राहिलेल्यांच्या मनात एक प्रश्न सतत असे, तो म्हणजे आपल्यालाच का ठेवले. धाकट्याला नेले आणि मला ठेवले, म्हणजे मी काही वाईट केले असणार, असा हिशेब मूल स्वतःच मांडते आणि कोणाला सांगत नाही. आपल्या विद्यार्थ्याचे धाकटे भावंड सोबत गेले आहे का, ते पाहावे. गेले असेल तर त्याला कोणीतरी, शक्यतो आईनेच, सांगायला हवे, की तुला शाळा आहे म्हणून ठेवले, तू त्रास देतोस म्हणून नव्हे.

दुसरे फोनचे. बहुतेक आज्या फोन लावून देत नाहीत. फोन झाला की पोर दोन तास रडते, जेवत नाही, म्हणून नकोच, असे त्यांचे म्हणणे असते. आई-वडीलही याच भीतीने टाळतात, शिवाय रात्री गाडी भरायची असेल तर वेळ कसलीच हातात नसते. पण रडू येते म्हणून फोन बंद करणे म्हणजे मुलाला वाटणारी भीती खरी ठरवणे. टोळी कामावर नेणाऱ्या मुकादमाचा नंबर गावात कोणाकडेही मिळतो. कारखान्यावर टोळीला ज्या दिवशी सुट्टी असेल तो दिवस विचारून घ्या आणि आठवड्यातला एक वार, एक वेळ ठरवून द्या. वेळ पाळली जाणे हे बोलण्याच्या लांबीपेक्षा महत्त्वाचे आहे. तो फोनवरही बोलणार नाही कदाचित. हरकत नाही, आईला सांगावे, की तो ऐकतो आहे असे धरून तू बोलत राहा, आज काय स्वयंपाक केला, कोपीसमोर कोणते झाड आहे, बैल कसे आहेत, असे. "नीट अभ्यास कर" एवढेच सांगून फोन ठेवू नये, जे आमच्याकडे हमखास होते.

आणि एक विनंती. त्याला "बिचारा" करू नका. आम्हाला पाहुणे येत, फोटो काढत, वह्या वाटत आणि "यांचे आई-बाप इथे नाहीत" असे आमच्यासमोरच एकमेकांना सांगत. त्या वह्या मला कधी वापराव्याशा वाटल्या नाहीत.

पुन्हा प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. विचारपूस केली, त्यातून काही गोष्टी पुढे आल्या. तो आजीशी थोडेफार बोलतो, तेही हळू आवाजात. तांड्यावर मुलांत मात्र जात नाही. रात्री आजीचा पदर मुठीत धरून झोपतो आणि वारंवार उठतो. धाकटी बहीण खरोखरच आई-वडिलांसोबत गेली आहे. उजवा कान पावसाळ्यापासून वाहतो, असे आजी सहज म्हणाली. हे तिला सांगण्यासारखे वाटलेच नव्हते. सणांची माळ लावली आहे आणि खूण करण्याचे काम पाळीपाळीने सर्वांकडे दिले आहे. मुकादमामार्फत वडिलांशी बोलणे झाले. प्रथम ते घाबरले, पोराला न्यायला येऊ का म्हणाले. पण उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, घेतलेली असल्याने मध्येच येणे त्यांच्या हातात नाही, हे त्यांच्याच बोलण्यात आले. दर आठवड्याला फोन करायचे त्यांनी कबूल केले आहे.

आजी दवाखान्यात यायला तयार आहे, फक्त "वेड्यांच्या डॉक्टरकडे" नको म्हणते. तेव्हा आधी कानाच्या निमित्ताने ग्रामीण रुग्णालयात न्यावे का? आणि सोबत द्यायच्या पत्रात मी काय लिहावे, म्हणजे डॉक्टर दोन मिनिटांत गोळी देऊन परत पाठवणार नाहीत? आणखी एक शंका आहे, ती इथे लिहिताना जड जाते : आई-वडील घरी नसताना कोणी त्याला त्रास दिला असेल का, हे कसे कळावे?

उत्तर : मनोसामाजिक कार्यकर्ती, मराठवाडा

होय, कानापासूनच सुरुवात करा. ते निमित्त नाही, खरे कारण आहे, आणि इतके महिने वाहणारा कान तपासलाच पाहिजे. ऐकू कमी येत असेल तर वर्गातल्या त्याच्या शांतपणाचा काही भाग तेथेही असू शकतो. तोवर त्याचा डावा कान आपल्याकडे राहील अशा बाजूने बोलावे, दाराजवळची जागा न बदलता. त्याच भेटीत पोटदुखी आणि कपडे ओले होणे सांगावे आणि लघवीची तपासणी करून घ्यावी. मानसोपचार विभागाकडे पाठवण्याची चिठ्ठी तेथील वैद्यकीय अधिकारीच देतील. आजीला "झोप लागत नाही, त्याचे डॉक्टर" असे सांगितले तर ते खोटेही नाही आणि तिला पेलवतेही.

पत्र एका पानाचे असावे आणि त्यात मत नसावे, केवळ पाहिलेले असावे. "नैराश्य", "मानसिक धक्का" असे शब्द आपण लिहू नयेत. दिवाळीपूर्वी वर्गात कसा बोलत असे आणि आता काय, पोटदुखीची वेळ, किती दिवस जेवण टाकले, कपडे ओले झाल्याचे प्रसंग, आई-वडील कसे व केव्हा गेले, आजीने सांगितलेली झोपेची स्थिती, आणि धाकटी बहीण सोबत असल्याचे. जमल्यास एका आठवड्याची रोजची ओळभर नोंद जोडा. अशी नोंद समोर आली की डॉक्टरांना पुढचे प्रश्न विचारावेच लागतात. पत्राची प्रत शाळेत ठेवा, परंतु ती शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत वाचून दाखवू नका.

शेवटच्या शंकेबद्दल : ती मनात येणे योग्यच आहे. एखाद्या विशिष्ट माणसाला पाहून तो आक्रसतो का, एखाद्या जागी जायला अडून बसतो का, अंगावर कारण सांगता न येणाऱ्या खुणा आहेत का, कपडे बदलताना घाबरतो का, एवढे पाहावे. त्याला "अमक्याने काही केले का" असे नाव घेऊन विचारू नये. तसे विचारल्याने मूल आपल्याला हवे ते उत्तर देते आणि पुढे तपासातही अडचण होते. तो स्वतः काही सांगू लागला, तर मध्ये न थांबवता ऐकावे, त्याचेच शब्द त्याच दिवशी लिहून ठेवावेत, आणि "कोणाला सांगणार नाही" असे वचन देऊ नये, कारण ते पाळता येत नाही. मुलांवरील लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या पोक्सो कायदा २०१२ च्या कलम १९ प्रमाणे संशय आल्यास पोलिसांना कळवणे बंधनकारक आहे. त्यासाठी पुरावा आपण गोळा करायचा नसतो. १०९८ या बालकांसाठीच्या मदत क्रमांकावरही कळवता येते. आपल्या शाळेत मुलांच्या सुरक्षिततेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर असेलच. तिच्यातील एखाद्या विश्वासू महिला सदस्याला फक्त एवढे सांगून ठेवा, की तांड्यावर संध्याकाळी वसतिगृहाचे जेवण झाल्यावर मुले कोणासोबत आणि कोणत्या वाटेने घरी जातात ते पाहावे. हे एका मुलासाठी म्हणून नव्हे, मागे राहिलेल्या सर्वच मुलांसाठी हंगामभर पाहिले जायला हवे.

रुग्णालयातून पाठवणीची चिठ्ठी मिळाली, की जिल्हा रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाचा वार आधी फोन करून विचारून घ्या. आजीला सोबत येऊ द्या आणि परतीच्या गाडीची वेळ मुलाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा.